उन्हाळी सहल: दुकानात जाण्याआधी घरातलं कपाट उघडा

परीक्षा संपल्या, आंब्याच्या पेट्या येऊ लागल्या आणि घरोघरी मुलांची भुणभुण सुरू झाली, "आई, या सुट्टीत कुठे जायचं?" मुंबईपुण्याचे भाचे-पुतणेही येऊन दाखल झालेले असतात. लांबचा प्रवास परवडत नाही, आणि चार दिवस घर बंद ठेवणंही जमत नाही. अशा वेळी आपल्या जुन्नर-आंबेगावसारखा मुलूख हाताशी असावा, यासारखं सुख नाही. १९ फेब्रुवारी १६३० रोजी जिथे शिवराय जन्मले तो शिवनेरी इथेच. लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर हे अष्टविनायकांतले दोन गणपतीही इथेच. सातवाहनांच्या काळापासून कल्याण आणि जुन्नर यांना जोडणारा नाणेघाट, त्याच्या शेजारचा जीवधन, मंचर-घोडेगाव-डिंभे करत गेलं की लागणारं भीमाशंकरचं दाट रान, कड्यावर वसलेलं आहुपे. एका सुट्टीत सगळं पुरं होणार नाही, एवढं आहे.

पण सहलीचं ठरलं की लगेच सामानाची यादी येते. पाठीवरची खास पिशवी, नळीने पाणी प्यायची थैली, घाम शोषणारे शर्ट, दुमडणाऱ्या काठ्या, गळ्यात अडकवायचा पंखा! यादी वाचूनच घाम फुटतो, आणि सहल पुढच्या वर्षावर जाते. म्हणून आज आपण एकेक वस्तू घेऊन पाहू या, की खरी गरज कशाची आहे, त्यातलं घरात काय आहे, आणि पैसे खर्च करायचेच तर कशावर.

आधी हवा ओळखा

उन्हाळा म्हणजे नुसतं ऊन नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत जुन्नर, नारायणगाव, मंचर या बाजूला हवा कोरडी असते. घाम येतो आणि आल्या आल्या वाळतो. म्हणून आपल्याला वाटतं, फारसा घाम आला नाही. पण शरीरातलं पाणी मात्र भराभर जात असतं. हेच आपण वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढू लागलो किंवा खांडसहून भीमाशंकरला निघालो, तर तिथे कोकणची दमट हवा. घाम वाहतो, कपडे अंगाला चिकटतात, पण वाळत काही नाही. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस जवळ आला की, ही दमट हवा घाटमाथ्यावरही जाणवू लागते.

यात महत्त्वाचं काय, तर घाम आल्याने अंग थंड होत नाही. घाम वाळल्याने अंग थंड होतं. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. बाहेर झिरपलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. दमट हवेत माठ गार होत नाही, तसंच माणसाचं अंगही गार होत नाही. म्हणून पारा कमी दिसला तरी दमट हवा जास्त घातकी ठरू शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला, तेव्हा उष्माघाताने १४ माणसं दगावली. विदर्भात पारा जसा चढतो तसा तिथे काही चढलेला नव्हता. पण उघडं मैदान, डोक्यावर सावली नाही, तासन् तास बसणं आणि खाडीकाठची हवा!

आता हवा ओळखायची कशी? आपल्याला यंत्र नको. ओला पंचा पिळून सावलीत दोरीवर टाका. घरातली कामं उरकून येईपर्यंत तो कडक वाळला, तर हवा कोरडी. तासा-दीड तासानंतरही हाताला ओलसर लागत असेल, तर हवा दमट. कोरड्या हवेत ओलं फडकं हेच तुमचं औषध. दमट हवेत फडक्याचा उपयोग कमी; तिथे सावली, वारा आणि वारंवार विसावा यांवर भर द्यायचा. पुढची सगळी सामग्री या एका कसोटीवर लावून बघा.

कपडे

कोरड्या उन्हात अंग जितकं झाकाल तितकं बरं. सैल, पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा सुती कुडता आणि सैल सलवार यांना तोड नाही. यजमानांचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले पूर्ण बाह्यांचे शर्ट मुलामुलींना छान होतात. बाह्या वर करायच्या नाहीत, एवढं मात्र बजावून सांगा. ज्यांना नऊवारीची सवय आहे त्यांनी ती खुशाल नेसावी. काष्टा घातलेल्या लुगड्यात आपल्या आज्या डोंगर चढतच होत्या. पाचवारी मात्र पायऱ्यांवर पायात येते. नेसायचीच तर घोट्याच्या वर नेसा आणि निऱ्या पिनेने पक्क्या करा.

दमट बाजूने जाणार असाल तर जाड सुती कापड नको. ते घामाने भिजतं, जड होतं आणि वाळत नाही. मलमल किंवा विरळ विणीचं कापड घ्या. हल्ली खेळाचे पातळ टी-शर्ट मुलांकडे असतातच. ते लवकर वाळतात, तेव्हा या बाजूला तेही चालतात, पण घट्ट नकोत. आणि एक सुका कुडता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर घ्या. माथ्यावर पोचल्यावर ओला उतरवून सुका घातला की निम्मा थकवा जातो.

मांड्या एकमेकींवर घासून साली निघतात, याबद्दल बायका बोलत नाहीत. पण त्रास बहुतेकींना होतो. आतून गुडघ्यापर्यंतची मऊ सुती चड्डी घाला, आणि निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली किंवा थोडं खोबरेल चोळा. घामोळ्यांवर मात्र तेल लावू नका, त्याने छिद्रं अधिकच बुजतात. गार पाण्याने धुऊन कोरडं करा आणि हवा लागू द्या, बस्स.

डोक्यावर

टोपीपेक्षा छत्री बरी. टोपी फक्त डोकं झाकते, छत्री खांदे-पाठही झाकते आणि आत वाराही खेळतो. घरातली काळी छत्री असेल तर जुन्या पांढऱ्या धोतराचा किंवा चादरीचा तुकडा वरून टाचून घ्या. पांढरं कापड ऊन परतवतं, खालचं काळं कापड उरलेलं अडवतं. शिवनेरीच्या रुंद पायऱ्यांवर आणि ओझर-लेण्याद्रीच्या आवारात छत्रीच धरा. जिथे हातांनी धरून चढायचं असेल तिथे मात्र छत्री बंद करून पंचा बांधा. कड्याच्या वाऱ्यातही छत्री उघडू नये.

पंचा! सहलीतली सगळ्यांत गुणी वस्तू. डोक्याला बांधा, ओला करून मानेवर टाका, घाम पुसा, पिशवीच्या पट्ट्याखाली घडी करून ठेवा, मुलाचा गुडघा फुटला तर बांधा. दुकानात जो खास 'गारवा देणारा टॉवेल' म्हणून विकतात, त्याचं काम कोरड्या हवेत हा पंचा तितकंच करतो. माणशी एक हवाच.

काहीजणी खिशात कांदा ठेवायला सांगतात. कांदा खिशात ठेवून काही होत नाही, हं. भाकरीबरोबर खा, म्हणजे निदान पोटात तरी जाईल.

पायात

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च इथे करा. चपला, सॅंडल, लग्नातले बूट यांपैकी काहीही डोंगरावर नको. महागडे बूट हवेत असंही नाही. तळाला खोल खाचा असलेले रबरी तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट पुरतात. खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभराने पाऊल थोडं सुजतं. मोजे घालून बूट घालून बघा, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या. उतरताना बोटं पुढे आपटतात, तेव्हा ही जागा कामी येते.

नवे बूट थेट गडावर नेऊ नका. आठवडाभर भाजीबाजाराला, गिरणीवर घालून जा. जुने बूट माळ्यावरून काढले असतील तर तळवा हाताने वाकवून, ओढून बघा. दोन-तीन वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा चिकटवलेला तळवा ऐन चढावर सुटून येतो. चांभाराकडून कडेने शिलाई मारून घेतली की निर्धास्त. तरीही पिशवीत हातभर सुतळी असू द्या.

पायाला फोड येतात ते घासण्याने आणि ओलाव्याने. पातळ मोज्यांचे दोन जोड एकावर एक घाला आणि एक सुका जोड बरोबर ठेवा. नखं आदल्या दिवशी काढा. आणि आजी-आजोबांसाठी, म्हणण्यापेक्षा सगळ्यांसाठीच, बांबूची एक काठी घ्या. तिच्या टोकाला खुर्चीच्या पायाला लावतात ते रबरी बूच बसवलं की दुमडणाऱ्या काठीची गरज उरत नाही.

पाणी, आणि ते वाहून कोण नेणार?

उन्हात चढताना मोठ्या माणसाला तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं. जाऊन येऊन तीन-चार तासांची वाट असेल तर मोठ्यांना माणशी दोन लिटर आणि शाळकरी मुलांना दीड लिटर धरा. म्हणजे आई, बाबा आणि दोन मुलं मिळून सात लिटर झाले. सात लिटर म्हणजे सात किलो! हे ओझं एका खांद्यावर जाता कामा नये. मैत्रिणींनो, नेमकं इथेच आपलं चुकतं. डबे आपण भरतो, पाणी आपण भरतो आणि पिशवीही आपणच उचलतो. मुलं मोकळ्या हातांनी पुढे पळतात, आणि आई मागून धापा टाकत येते. वाटणी घरीच करा: बाबांकडे तीन लिटर, तुमच्याकडे दोन, मुलांकडे एकेक. ज्याने त्याने आपल्या दप्तरात ठेवायचं. शाळेचं दप्तर ही उत्तम सहलीची पिशवी आहे. दोन्ही खांद्यांवर वजन येतं आणि हात मोकळे राहतात. जड वस्तू पाठीलगत, हलक्या बाहेरच्या बाजूला. खांद्यावरची झोळी गाडीपुरती ठेवा.

पूर्वी आगगाडीच्या खिडकीला कॅनव्हासची छागल लटकवलेली असे, फिरकीचा तांब्या आणि खुजा असे, ते आठवतं? छागल कोरड्या वाऱ्यात पाणी छान गार करी. आज बाटलीवर जुना सुती मोजा चढवा आणि तो ओला ठेवा. तेच काम होतं. पण पंच्याची कसोटी विसरू नका. कोकणच्या बाजूला हा उपाय चालणार नाही. तिथे आदल्या रात्री बाटलीत निम्म्याहून थोडं कमी पाणी घालून बर्फ करून घ्या, सकाळी वर पाणी भरा आणि बाटली वर्तमानपत्रात व टॉवेलात गुंडाळा. गच्च भरून बर्फाला ठेवू नका, बाटली फुटते.

शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी बघायला मुलांना जरूर न्या. पण गडावरच्या टाक्यांचं पाणी न उकळता पिण्याच्या फंदात पडू नका. पिण्याचं पाणी घरून न्यायचं.

नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी भागत नाही, कारण घामातून मीठही जातं. औषधाच्या दुकानातलं जलसंजीवनीचं पाकीट स्वस्त मिळतं. ते एक-दोन ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे आहे, असं पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचून घ्या. नुसती गोड फळांची पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे. पाकीट नसलं तर घरी करा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने मीठ टाकू नका, मुलांना जास्त मीठ बाधतं. चवीला लिंबू पिळलं तरी चालतं. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं.

न बोलली जाणारी गोष्ट

आता जे सांगणार आहे, ते दुकानाच्या कुठल्याच यादीत नसतं. सहलीला निघालेल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. का? तर मध्ये कुठे जायची सोय नसते. पायथ्याशी, बसस्थानकावर काहीतरी असतं, पण एकदा चढायला लागलं की भरवसा नाही. पुरुष चार पावलं बाजूला जातात. आपण मात्र घसा कोरडा ठेवून, हसतमुखाने सगळ्यांना पाणी वाटत राहतो. उन्हात हे फार धोक्याचं आहे. चक्कर, डोकेदुखी, उलटी हे त्याच दिवशी, आणि लघवीची जळजळ दोन दिवसांनी. उष्माघात ज्यांना लवकर गाठतो त्यांत पाणी न पिणारी माणसं असतात. तेव्हा ज्या सामानामुळे बाईला निर्धास्तपणे पाणी पिता येईल, ते सामान माझ्या मते यादीत सगळ्यांत वर हवं.

त्यासाठी एक आडोसा शिवा. शिवायला अर्धा तास पुरतो. जुनी, गडद रंगाची, आरपार न दिसणारी सुती साडी घ्या. तिची अर्धी लांबी, म्हणजे पावणेतीन मीटर कापा. दोन्ही आखूड कडा जोडून शिवा, म्हणजे नळकांड्यासारखा मोठा घेर तयार होईल. वरच्या काठाला नेफा शिवून त्यात परकराला ओवतो तशी नाडी ओवा. झालं! डोक्यावरून घालायचा, नाडी गळ्याशी किंवा काखेखाली ओढून बांधायची, आणि खाली बसायचं. चारी बाजूंनी जमिनीपर्यंत झाकलं जातं. कुडता बदलायलाही हाच आडोसा, तान्ह्याला पाजायलाही हाच. घडी केली की दप्तराच्या कोपऱ्यात मावतो.

त्याबरोबर एका डबीत साबणाचा तुकडा, पाण्याची एक छोटी वेगळी बाटली, कागद आणि झाकणाची एक पिशवी ठेवा. पाळीचे दिवस असतील तर पॅड जास्तीचे घ्या, आणि वापरलेले कागदात गुंडाळून त्याच पिशवीतून खाली आणा. गडावर, झऱ्याकाठी, टाक्याजवळ काही टाकायचं नाही. पाण्यापासून आणि वाटेपासून दूर जागा बघा, दोघी मिळून जा, आणि काठीने गवत आपटून मगच बसा. मुलींना हे सगळं आधी समजावून सांगा. वयात येणाऱ्या मुली लाजेने बोलत नाहीत आणि पाणी प्यायचं टाळतात. 'आडोसा बरोबर आहे, पाणी पी,' एवढं आईच्या तोंडून ऐकलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

पाणी पुरेसं पोटात जातंय की नाही, हे लघवीच्या रंगावरूनच कळतं. फिकट असली तर ठीक. गडद पिवळी असली तर थांबा, सावलीत बसा, पाणी प्या.

शिदोरी

उन्हात टिकतं तेच न्यायचं. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, गूळ-शेंगदाणे, सातूचं पीठ. ओलं खोबरं, बटाट्याची ओली भाजी, दहीभात हे दुपारपर्यंत आंबतात, नकोत. कोकमाचा किंवा कैरीच्या पन्ह्याचा घट्ट अर्क छोट्या बाटलीत न्या आणि हवं तेव्हा पाण्यात मिसळा. ताक खाली उतरल्यावरच. वाटेत आदिवासी बायका करवंदं, जांभळं विकायला बसलेल्या असतात. घासाघीस न करता घ्या, धुऊन खा. याच डोंगरांतल्या महादेव कोळी बायका हिरडा गोळा करून त्यावर संसार चालवतात. त्यांच्या दोन पैशांवरून आपली बचत करायची नाही.

लेण्याद्रीला माकडं फार. खाऊची पिशवी हातात धरून चढू नका. सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. सगळं दप्तरात बंद असू द्या.

बिबट्या, मधमाश्या आणि वळीव

जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत, हे तुम्हां आम्हांला सांगायला नको. माणिकडोहला तर बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. पाहुण्या मुलांना मात्र याची कल्पना नसते. अंधार पडण्याआधी मुक्कामी पोचा. पहाटे किंवा तिन्हीसांजेला उसाच्या कडेला कुणी एकटं बसायला जाऊ नये; लहान मूल हाताला धरलेलं असावं. एक चांगली विजेरी ही खर्चाची दुसरी वस्तू. मोबाइलचा उजेड पुरत नाही, आणि ऐन वेळी त्याची बॅटरी संपलेली असते.

शिवनेरीवर पर्यटकांना मधमाश्या चावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अत्तर, सुवासिक तेल, गजरा त्या दिवशी घरीच ठेवा. कड्याला पोळी दिसली तर आरडाओरडा नको, धूर नको, दगड तर मुळीच नको. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड ओढणीने झाकून तिथून दूर निघा. हात झटकत उभं राहू नका.

मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो, विजा कडाडतात. ढग काळवंडले की माथा सोडा. एकट्या झाडाखाली थांबू नका, छत्री मिटा.

घड्याळ

सगळ्यांत स्वस्त सामग्री म्हणजे घड्याळ. सूर्योदयाला पायथ्याशी असा, दहा-साडेदहाला खाली उतरा. दुपारी खडक तापतात आणि खालूनही ऊन मारतात. ती वेळ सावलीत झोपायची. मध्ये लेणी बघा. नाणेघाटाच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, आणि वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. मुलांना गोष्ट सांगत बसा. सांगता सांगता विसावाही होतो. भीमाशंकरला झाडांची सावली मिळते. १९८५ पासून ते अभयारण्य आहे, तिथे आपल्या राज्याचा प्राणी शेकरू शांत बसलं तरच दिसतो. मंदिराच्या दर्शनाच्या वेळांची मात्र निघण्याआधी चौकशी करा.

प्रवासाला एस.टी. धरा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मं भाडं आहे. वाचलेल्या पैशांत बुटांचा खर्च बराचसा भागेल!

कुणाला ऊन लागलंच तर

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे ही पहिली खूण. लगेच सावलीत बसवा, कपडे सैल करा, घोटघोट जलसंजीवनी द्या आणि त्या दिवशी चढणं बंद. माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. तिथे क्षणाचाही उशीर नको. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, पंच्याने जोरात वारा घाला. मान, काखा, जांघा इथे ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

शेवटी, हिशेब

विकत आणायचं: बूट (नसतील तर), जलसंजीवनीची पाकिटं, विजेरी, फोडावरच्या पट्ट्या. घरातून काढायचं: दप्तरं, पंचे, छत्री, सैल सुती कपडे, दोन जोड मोजे, काठी, सुतळी, बाटल्या, जुनी साडी. विसरून जायचं: गळ्यातला पंखा, नळीची थैली, आणि रस्त्यावरचे स्वस्त काळे चष्मे. त्या चष्म्यांत अतिनील किरण अडवणारी काच नसली, तर काळोखामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उलट जास्त किरण आत जातात. त्यापेक्षा छत्री पुढे झुकवून धरा.

आदल्या रात्री सगळं सामान पलंगावर मांडा, मुलांना हाताशी घ्या आणि ज्याचं त्याला भरू द्या. आणि हो, सकाळी निघताना सगळ्यांना पाणी देऊन झालं की दाराला कुलूप लावण्याआधी तुम्हीही एक पेला भरून प्या. आडोसा दप्तरात आहे ना? मग काळजी कसली!